शेवंताबाईंचं अद्रक

घरात त्या झाडाला सगळे अद्रक म्हणायचे. सोनटक्का म्हणणारी एकटी शेवंता. बावीस वर्षं ती एकटीच म्हणत आली होती, आणि बावीस वर्षांत त्या झाडानं एकदाही तिच्या बाजूनं साक्ष दिली नव्हती. पानं यायची, लांबट, हिरवीगार, दांड्याला दोन्ही अंगांनी लागलेली. दांडे कंबरेपर्यंत जायचे. मग श्रावण सरायचा, भादवा सरायचा, पानांच्या कडा करपायच्या, अन् फुलाचा पत्ता नाही.

"मम्मी, आपका अदरक इस साल भी फेल," यशदीप दर दिवाळीला निकाल सांगायचा. यशदीप म्हणजे तिचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, विम्याच्या पॉलिस्या विकायचा. आईचं मराठी त्याला अक्षरन् अक्षर समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"फेल तुह्या बाप," शेवंता म्हणायची. बाप, म्हणजे मारोती रामटेके, रेल्वेच्या माल गोदामातला निवृत्त बाबू, पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "मले काहून मधात ओढून राहिली?"

सोनटक्का पुलगावचा होता. तिच्या मायच्या घरी न्हाणीचं पाणी जिथं जिरायचं तिथं त्याचं हे मोठं बन. दसरा जवळ आला की दांड्यांच्या शेंड्याला पांढरी फुलं बसायची, आत्ता उडतील अशी. माय दसऱ्याच्या सकाळी पितळेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात ती तरंगत ठेवायची, वाटी बुद्धाच्या मूर्तीपुढं, वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पांढरी लुगडी नेसून बाया विहाराकडं निघायच्या, त्या आधी मायच्या दारात थांबून नाकानं एक लांब श्वास ओढून घ्यायच्या. तो वास शेवंताला सांगता यायचा नाही. मोगऱ्यासारखा नाही, रातराणीसारखा तर नाहीच. "थंडा वास," एवढंच ती म्हणायची, आणि यशदीप म्हणायचा, "मतलब फ्रिज जैसा?"

आता माय नव्हती. पुलगावचं घर भावानं पाडून नवं बांधलं, न्हाणीच्या जागी फरशी आली. त्या बनातलं जे काही जगात उरलं होतं ते शेवंताच्या परसात, आणि त्याला लोक अद्रक म्हणत होते.

ब्याऐंशी साली मारोतीची पहिली बदली डोंगरगडला झाली तेव्हा मायनं ओल्या फडक्यात बांधून गड्डा दिला होता. तिथून बिलासपूर, मग भाटापारा, मग रायपूर. रेल्वेचा हुकूम यायचा तो बरोबर पावसाळ्यात, झाडानं जरा जीव धरला की. डोंगरगडच्या क्वार्टरात दगडच दगड, म्हणून चार वर्षं ते तेलाच्या डब्यात राहिलं. शहाऐंशीत दांडे पहिल्यांदा उंच झाले आणि तेव्हाच बिलासपूरचा कागद आला. शेवंता मारोतीला म्हणाली होती, "एक अर्ज करा ना. एक महिना थांबू द्या म्हना. आता फुलंल ते."

"फुलासाठी अर्ज?" मारोती हसला होता. "साहेब पूर्‍या ऑफिसात वाचून दाखवंल."

त्यानं अर्ज केला नाही. तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच बदलीविरुद्ध केला नाही. हुकूम आला की ट्रंका काढायच्या, एवढंच त्याला ठाऊक. शेवंतानंही ट्रंका काढल्या. गड्डा फडक्यात बांधला आणि मांडीवर घेऊन गाडीत बसली.

अठ्ठ्याण्णवला शंकर नगरच्या पाठीमागं स्वतःचं घर झालं. दोन खोल्या, मागं परस, भिंतीपलीकडं धानाचं शेत. शेवंतानं ठरवलं, आता आपली बदली संपली, आता हे फुलणार. तिनं शेणखत घातलं, तांदळाचं धुवण घातलं, मासळी धुतलेलं पाणी घातलं, त्यावर मांजरं आली ती वेगळीच. रोपवाटिकेतल्या हरिदासला पान नेऊन दाखवलं. त्यानं पान चुरगाळून वास घेतला.

"दीदी, ये अदरक है. खोद के चाय बना लो."

"अरे सोनटक्का आहे सोनटक्का."

"सोनचंपा बोलो ना, वो है मेरे पास."

सहा वर्षांत हरिदासनं तिला सोनचंपा दिला, पिवळी कर्दळ दिली, एकदा तर 'वही है दीदी, पक्का' म्हणून निशिगंधाचे कांदे दिले. ते सगळं तिनं लावलं आणि ते सगळं निर्लज्जासारखं फुललं.

मधल्या काळात छत्तीसगड राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. पलीकडचं शेत गेलं. तिथं कुठल्याशा संचालनालयाची पाटी लागली, दुपारी दाराशी जिपा उभ्या राहू लागल्या आणि त्यांचे ड्रायव्हर शेवंताकडं पाणी मागू लागले. भोपाळहून आलेली माणसं सायंकाळी गल्लीत डोकावून विचारायची, कमरा है क्या.

"मम्मी, पूरा भोपाल किराये का कमरा ढूँढ रहा है," यशदीप म्हणाला, "और हम अदरक उगा रहे हैं."

दोन हजार चारच्या आषाढात तो यज्ञेश्वर मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीनं परसात दोरी धरली आणि चुन्याच्या चार फुल्या मारल्या. चौथी फुली नेमकी नळाजवळच्या कोपऱ्यात पडली, सोनटक्क्याच्या डोक्यावर. पानांवर चुना उडाला. शेवंता तांब्याभर पाणी घेऊन आली आणि एकेक पान धुऊ लागली.  पाचवं पान धुताना यशदीपला ते बघवलं नाही.

"अच्छा, दशहरे तक," तो म्हणाला. "फूल आया तो कोना आपका. नहीं आया तो कॉलम."

"लिहून दे."

"मम्मी, मैं बीमा बेचता हूँ. लिख के तो मैं कुछ भी दे दूँ."

मग शब्दावर ठरलं. दसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतानं खुरपं काढलं. नळाजवळ दुपारचं ऊन फार, तिनं रात्रभर विचार केला होता, पद्मिनीच्या भिंतीलगत हलवलं तर सावली मिळेल. पद्मिनी ही शेजारची साहूबाई, भिंतीवरून अर्ध्या अंगानं कायम यांच्याच घरात. मारोती खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. खुरपं जमिनीत गेल्याचा आवाज ऐकून त्यानं पेपर खाली केला.

"शेवंते, एक सांगू? रेल्वेनं मले तीस वर्षांत चार डाव बदललं. तू याले सहा वर्षांत पाच डाव बदलून राहिली. पेरूखाली व्हतं, तं मुंग्या लागल्या मनून न्हाणीपाशी. तिथं साबन, मनून भिताडाकडं. तिथं ऊन, मनून कूलरखाली. मंग नळापाशी. आता पुन्हा ट्रंका काढल्या तू त्याच्या." त्यानं चष्मा पुसला. "तुह्यापेक्षा माह्या साहेब बरा व्हता बापा."

भिंतीवरून पद्मिनी हसली. "हव दीदी, भैया सही कहत हे. जर ला धरन तो दे."

मूळ धरू तर दे.  शेवंताला राग आला तो दोघांचा नाही, त्या बोलण्यात काही खोट सापडेना याचा. बावीस वर्षं ती रेल्वेला शिव्या देत आली होती. आणि हुकूम तर अलीकडं तीच काढत होती.

"नाई हलवत जा," तिनं खुरपं फेकलं. "मरू दे तिथंच."

त्या वर्षी ते झाड जागेवर राहिलं ते असं, तिच्या रुसव्यापायी. ती रोज सकाळी जायची, हात पाठीमागं बांधून उभी राहायची, तपासणीला आलेल्या मास्तरासारखी, आणि काही न करता परत यायची. काही न करणं इतकं कठीण असतं हे तिला ठाऊक नव्हतं. बोटं शिवशिवायची.

भादव्यात दांडे खांद्याला लागले. इतके उंच ते आजवर कधी झाले नव्हते. शेवंता कोणाला बोलली नाही, पण विहारात जाताना पावलं हलकी पडायची. आश्विन लागला. शेंड्याला पानच आलं. पुढच्या शेंड्यालाही पान. विहारात प्रमोदिनीबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय वं शेवंताबाई, फुललं का तुमचं अद्रक? नाई फुलत तं भाजीत टाकाले तरी देत जा," आणि बाया हसल्या. शेवंताही हसली. घरी येऊन तिनं पितळेची वाटी घासली, नुसतीच, काही कारण नसताना, आणि घासता घासता जी गोष्ट ती बावीस वर्षं आतल्या आत दाबून ठेवत होती ती वर आली.

मायनं एक गड्डा दिला नव्हता. दोन दिले होते. यशदीप तेव्हा चार वर्षांचा, त्याला खोकला. एक गड्डा सोनटक्क्याचा, एक अद्रकाचा, एकाच ओल्या फडक्यात. "हा लावजो, अन् हा उकळून पोराले देजो." डोंगरगडला पोचल्या दिवशी सामानाचा पसारा, पोरगं खोकून बेजार, स्टोव्ह भडकलेला. तिनं घाईत फडकं सोडलं, एक गड्डा ठेचून काढ्यात टाकला, दुसरा डब्यात पुरला. दोन्ही चिखलानं माखलेले, दोन्ही गाठीगाठीचे. आणि यशदीपचा खोकला पुढं पंधरा दिवस गेला नव्हता.

म्हणजे आपण सोनटक्का उकळून पाजला आणि अद्रक मांडीवर घेऊन मुलूख फिरलो?

जो तो म्हणायचा, कापून बघ. तिनं कधी कापलं नाही. झाडाला इजा होईल, असं ती सांगायची. खरं कारण हे होतं.

दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा ती गोल बाजारात गेली, पांढरं लुगडं आणि मेणबत्त्या आणायला. परत आली तर यज्ञेश्वर मिस्त्री पुन्हा माप घेऊन गेलेला. ओट्यावर दोन कप, एक अर्धा भरलेला. आणि नळाजवळ माती उकरलेली.

पिशवी तिच्या हातातून खाली आली.

"कोनं केलं हे?"

मारोती उठून उभा राहिला. चोरी सापडलेल्या पोरासारखा. "मिस्त्री आल्ता. चहा मांडला, घरात अद्रक नाई. मनलं, एवढुसं तोडलं तं काय होते..."

"एवढुसं? बोटभर खड्डा आहे हा! बावीस वर्षं! बावीस वर्षं मी त्याले नख लावलं नाई, अन् तुमी त्याचा चहा केला?"

"सारेच तं अद्रक म्हन्तात—"

"सारे म्हन्तात! सारे तुमाले काय काय म्हन्तात मालूम आहे?"

पद्मिनी भिंतीवर आली होती ती हळूच खाली उतरली. शेवंता त्या खड्ड्याशी बसली, माती लोटली, हातानं दाबली. रडू येत होतं, पण रागानं ते वाटेतच अडलं. मग तिची नजर ओट्यावरच्या अर्ध्या कपावर गेली.

"मिस्त्रीनं चहा सोडला?"

"हो."

"काहून?"

मारोतीनं डोकं खाजवलं. "बेकार लागला. मीबी कसातरी पेलो. तिखट नाई, काई नाई. उलटा कपाटातल्या कपड्यावानी वास. मिस्त्री मने, बाबूजी, ये कौन सा अदरक है."

शेवंता उठली. कप उचलला. चहा थंडगार झाला होता, वर साय धरलेली. तिनं एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला. जिभेला झोंबलं नाही. घशाला काही नाही. आणि मागून, साखरेच्या आणि दुधाच्याही मागून, कुठूनतरी पार लांबून, एक थंडा वास आला आणि गेला.

"अवो," ती म्हणाली, आणि ओट्याला टेकली. "हे अद्रक नाई."

"तेच तं मी सांगून राहिलो."

"अवो, हे अद्रक नाई!"

ती हसत होती की रडत होती हे मारोतीला कळेना. त्याला सगळं सांगितलं तिनं, फडकं, दोन गड्डे, काढा. ऐकून तो तिच्याशेजारी ओट्याला टेकला. मग म्हणाला, "तं बावीस वर्षं तू हे मनात घेऊन फिरली? मले तं सांगाचं."

"तुमी पूर्‍या ऑफिसात वाचून दाखवलं असतं."

तो हसला नाही.

सोनटक्का आहे हे तिला कळलं, पण ठरलं होतं ते फुलाचं. दसऱ्याच्या सकाळी ती पांढरं लुगडं नेसून परसात गेली. एका दांड्याच्या शेंड्याला काहीतरी जाड, हिरवं, मिटलेल्या मुठीसारखं दिसत होतं. पान असेल, नाही तर नसेल. यशदीप मागं येऊन उभा राहिला.

"ये फूल है?"

"मालूम नाई."

"मम्मी, आप बोल दो है, मैं मान लूँगा."

सरळ दिलेली सूट होती. हो म्हणायला काय लागत होतं? पण पांढरं नेसून, विहारात पंचशील म्हणायला निघालेली, ती मुठीकडं बघत राहिली. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील.

"फूल नाई ते," ती चिडून म्हणाली, मुलावर नाही, मुठीवर. "शब्द मंजे शब्द."

वाटीत तिनं बाजारची शेवंती ठेवली. स्वतःच्या नावाचं फूल, आणि त्या दिवशी तिला ते बिलकूल आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दोन मजूर घेऊन आला. शेवंतानं मजुरांना हात लावू दिला नाही. ओलं फडकं घेतलं, कुदळ घेतली आणि आपणच कोपऱ्याकडं निघाली. सहावी बदली. तर तिथं, चुन्याच्या फुलीवर, मारोती खुर्ची टाकून बसलेला. अंगात नोकरीतला कोट, हातात रेघांचा कागद.

"उठा तिथून," ती म्हणाली.

"तुह्याशी काम नाई. पोट्ट्याले बलाव."

यशदीप आला. मारोतीनं उभं राहून, दोन्ही हातांनी, कागद त्याच्यापुढं केला. यशदीपनं मोठ्यानं वाचायला घेतलं. मारोतीनं तीस वर्षं ज्या हिंदीत मालाच्या पावत्या लिहिल्या तिच्यातच ते लिहिलेलं होतं.

"सेवा में, श्रीमान यशदीप रामटेके, शंकर नगर, रायपुर. विषय: स्थानांतरण निरस्त करने बाबत. महोदय, सविनय निवेदन है कि नल के पास वाला पौधा गत बाईस वर्षों से..." तो हसायला लागला. "पापा, ये क्या है? पौधे की बदली रद्द?"

"पुढं वाच."

"...बाईस वर्षों से लगातार स्थानांतरित होता रहा है, जिस कारण वह कहीं जड़ नहीं पकड़ सका. प्रार्थी ने अपनी तीस वर्ष की सेवा में ऐसा आवेदन कभी नहीं दिया. एक बार देना चाहिए था." इथं यशदीपचा आवाज खाली आला. "सन छियासी में, बिलासपुर के आदेश पर. नहीं दिया. अतः श्रीमान से प्रार्थना है..."

पुढचं त्यानं मनातच वाचलं. मजूर बघत होते. यज्ञेश्वर मिस्त्रीनं विडी कानावर ठेवली. शेवंता ओलं फडकं पिळत उभी होती, त्यातून पाणी तिच्या पायावर गळत होतं.

"मिस्त्री," यशदीप म्हणाला, "कॉलम दो हाथ इधर लो."

"कमरा तिरछा आएगा भैया."

"आने दो." त्यानं खिशातला विम्याचा पेन काढला, कागदाच्या कोपऱ्यावर 'स्वीकृत' लिहिलं, खाली सही केली आणि कागद बापाला परत दिला. मारोतीनं तो घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, जिथं पूर्वी रेल्वेचा पास असायचा.

गोष्ट इथं संपली असती तर शेवंताला बरं वाटलं असतं. पण त्या वर्षी फूल आलं नाही. ती मूठ सिमेंटच्या धुळीत पंधरा दिवस मिटलेलीच राहिली, मग कार्तिकातल्या थंडीत तपकिरी होऊन गळून पडली. आत फूल होतं की पान हे कळलंच नाही. शेवंता त्या वाळक्या मुठीवर दोन दिवस चिडली होती, आणि मारोतीनं दोन्ही दिवस तिच्या नजरेसमोर यायचं टाळलं. खुरपं मात्र तिनं पद्मिनीकडं ठेवायला दिलं. "मी मागलं तरी देऊ नको," असं बजावून.

चैत्रात तिरपी खोली भाड्यानं गेली. भोपाळहून आलेला एक साहेब आणि त्याची बायको पूर्णिमा. तिसऱ्याच दिवशी सकाळी पूर्णिमा हातात चाकू घेऊन परसात आली. नळाजवळ सात-आठ नवे कोंब वर निघालेले होते, जाड, तांबूस टोकांचे.

"आंटी, ज़रा सा अदरक ले लूँ? चाय चढ़ाई है."

शेवंतानं हातातलं सूप खाली ठेवलं. बावीस वर्षांचं, आता तेवीस वर्षांचं, सगळं तिच्या तोंडाशी आलं. पण तिच्या आधी यशदीपनं स्कूटरला किक मारता मारता थांबून, मान वळवून सांगितलं, तेही वैतागून, जणू ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक असायला हवी होती.

"वो अदरक नहीं है, भाभी. सोनटक्का है. उसको हिलाना मत."

आणि किक मारून तो गेला. पूर्णिमा चाकू घेऊन तशीच उभी. "वो क्या होता है, आंटी?"

"अद्रक आत आहे, डब्यात. आओ, देती हूँ," शेवंता म्हणाली, आणि सूप तिथंच विसरून घरात शिरली.